एसीची हवा कमी येतेय? आधी केबिन फिल्टर काढून बघा

एसी फुल्लवर, ब्लोअरचा आवाज मोठ्ठा आणि समोर हवा मात्र फुंकर मारल्यासारखी, असं झालं की आपण पहिलं काय म्हणतो, गॅस कमी झाला असेल. मी पण तेच म्हटलं, गॅस चेक केला तर तो बरोबर निघाला, मग तशीच गाडी चालवत राहिलो आणि दोन महिन्यांनी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे हात घातला. आतून जे काळंकुट्ट निघालं ते बघून फार वाईट वाटलं, कारण त्यातून येणारी हवा मागच्या सीटवर माझी लेक रोज घेत होती.

एक ढोबळ खूण सांगतो. हवा जोरात येते पण गार नाही, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरकडे बघायचं. हवा गार आहे पण जोरच नाही, तर आधी फिल्टर. पावसात काचेवरची वाफ लवकर जात नसेल तरी फिल्टरवर संशय घ्या.

बॉनेटखाली असतो तो एअर फिल्टर इंजिनासाठी, हा केबिन फिल्टर आत बसणाऱ्या आपल्यासाठी, दोन्ही वेगळे. पुढच्या काचेच्या खाली जी जाळी असते तिथून बाहेरची हवा आत येते, या फिल्टरमधून जाते, मग ब्लोअर, मग कूलिंग कॉइल आणि मग आपल्या तोंडावर. बऱ्याच गाड्यांत रीसर्क्युलेशनची, म्हणजे गाडीतलीच परत फिरवलेली हवासुद्धा यातूनच जाते, त्यामुळे मी बाहेरची हवा घेतच नाही म्हणजे फिल्टर स्वच्छ असेल असं धरून चालू नका.

आता प्रकार. साधा पांढरा फिल्टर म्हणजे घड्या घातलेलं न विणलेलं कापड, आणि त्यातल्या बऱ्याच फिल्टरांच्या धाग्यांवर स्थिर वीज भरलेली असते, म्हणून भोकापेक्षा बारीक धूळही त्याला चिकटते. म्हणूनच हा धुवायचा नाही! धुतल्याने तो चार्ज कमी होऊ शकतो, घड्या बसतात आणि ओलसर राहिला तर बुरशी धरते. एअर मारून साफ करणंही नको, वरची धूळ उडते पण धागे फाकतात आणि बारीक धूळ आतच राहते. ज्यावर धुता येतो असं कंपनीने स्वतः लिहिलंय तो सोडून बाकी सगळे सरळ बदला. दुसरा राखाडी-काळा, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवाला, तो धुराचा वास आणि काही वायूही शोषतो, ट्रॅफिकमध्ये फिरणाऱ्याने माझ्या मते हाच घ्यावा. फक्त कार्बन भरून गेला की काम थांबतं आणि ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून वेळ झाली की बदलायचा. आणि हे नीट लक्षात घ्या, कार्बन मोनॉक्साइड कुठलाच केबिन फिल्टर अडवत नाही, बंद जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत बसणं किंवा झोपणं कधीच करू नका.

कधी बदलायचा? मॅन्युअलमध्ये आकडा असतो, साधारण 15,000 ते 25,000 किलोमीटर किंवा वर्षातून एकदा. धुळीचा रस्ता, चालू बांधकामं असतील तर त्याच्या निम्म्यावरच काढून बघा.

बदलायला बहुतेक गाड्यांत दहा-पंधरा मिनिटं लागतात. इग्निशन आणि ब्लोअर बंद करा. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरचा ग्लोव्ह बॉक्स पूर्ण रिकामा करा. बाजूला छोटी दोरी किंवा दांडी अडकवलेली असेल ती सोडवा, मग कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की स्टॉपर सुटतात आणि कप्पा खाली झुकतो. मागे एक आडवी प्लास्टिकची पट्टी दिसेल, तिचे लॉक दाबून ती काढा. काही गाड्यांत स्क्रू असतात, काहींत फिल्टर पायापाशी किंवा बॉनेटखाली काचेजवळ असतो, तेव्हा जोर लावायच्या आधी मॅन्युअल बघा. तिथे पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

फिल्टर ओढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, बाण कुठल्या दिशेला आहे ते त्यात यायला हवं. मग आडवाच धरून हळूहळू सरकवत काढा, झटका दिला की वरची पानं, काड्या थेट ब्लोअरमध्ये पडतात आणि नंतर टुकटुक आवाज येत राहतो. उंदराच्या लेंड्या किंवा घरटं दिसलं तर मास्क आणि हातमोजे घाला, कोरडं झाडू नका, जंतुनाशक लावलेल्या ओल्या फडक्याने पुसून घ्या.

नवीन बसवताना सगळ्यात जास्त चूक बाणाची होते. एअर फ्लो लिहिलेला बाण म्हणजे हवा ज्या दिशेला जाते ती दिशा, बऱ्याच गाड्यांत ती वरून खाली असते. पण बाणासोबत अप लिहिलं असेल तर तो हवेचा नाही, ती बाजू वर ठेवायची एवढाच त्याचा अर्थ. जुना फिल्टर आधीच उलटा बसवलेला असू शकतो म्हणून नुसत्या फोटोवर विसंबू नका, धूळ कुठल्या बाजूला साचलीय ते बघा, हवा त्याच बाजूने येते. फिल्टर कडेपर्यंत नीट बसला पाहिजे, फट राहिली तर हवा गाळली न जाता तिथूनच जाते. फ्रेमवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून टाका.

फिल्टर बदलूनही कुबट वास येत असेल तर तो कूलिंग कॉइलवरच्या बुरशीचा असण्याची शक्यता जास्त, ती साफ करून घ्या आणि एसीच्या पाण्याचा पाईप तुंबलाय का तेही तपासा. पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून फक्त ब्लोअर चालू ठेवलात तर कॉइल बरीचशी सुकते आणि वास परत लवकर येत नाही.