सुरी निवडताना पात्याआधी मूठ बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची काजू-फणसाची बाग आहे. त्यामुळे हातात वर्षभर कुठलं ना कुठलं पातं असतंच. पुतण्या ट्रेकला जायचा म्हणून सुरीबद्दल विचारत होता, त्याला सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

घडीची सुरी मी बागेत नेत नाही. फणसाचा चीक आणि चिखल सांध्यात गेला की ती धड उघडत नाही, धड मिटत नाही. न मिटणारीच घ्या.

दुकानात सगळे पात्याची चकाकी बघतात. आधी मूठ बघा. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि दोन-तीन रिव्हेटांनी आवळलेलं असेल, तर सुरी जोर सोसते. रिव्हेट बोटाला टोचता कामा नये. ओल्या हाताने धरून बघा, दुकानदाराकडे पाणी मागायला लाजू नका. मग पात्याच्या पाठीवरून, म्हणजे बोथट कडेवरून, एक डोळा मिटून पातं सरळ आहे का बघा.

पैसे कमी असतील तर माझं मत ठाम आहे: गावच्या लोहाराकडून करवून घ्या. बाजारातल्या चकचकीत, दातेरी पाठीच्या, होकायंत्र लावलेल्या स्वस्त सुरीपेक्षा ती कितीतरी सरस. लोहाराला एवढंच विचारायचं, ‘पाट्याचं हाय काय?’ ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद धार धरतं, साध्या लोखंडी पट्टीचं धरत नाही. पातं लाल तापवून बुडवून कडक करतात, त्याला पाणी देणं म्हणतात; ते कसं दिलंय हे कानशीने कळतं. धारेवर कानस सहज चावली तर पातं मऊ आहे. उलट पाणी देऊन पुन्हा थोडं तापवलं नसेल तर पातं ठिसूळ राहतं आणि काजूच्या फांदीच्या गाठीवर धारेचा तुकडा उडतो. म्हणून घेण्याआधी लोहारासमोरच वाळक्या लाकडावर दोन घाव घालून धार तपासा. पुढे धार लावायला नेलीत आणि सराणेवर पातं निळं पडलं, तर तेवढ्या जागेचं पाणी उतरलं असं समजा.

थोडे जास्त पैसे असतील आणि काम तासण्या-कापण्याचं असेल, तर मोरा या स्वीडनच्या कंपनीची कंपॅनियन नावाची सुरी बघा. पातं साधारण १० सेंमी, जाडी २.५ मिमी. तिचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तरी या कामाला ती उत्तम. तिच्या पाठीवर दगड मारून लाकूड फोडू नका, त्यासाठी कोयता आहे. जाड पातं म्हणजे मजबूत, हा समज सोडा. ४-५ मिमीचं पातं कांदा कापत नाही, फाडतं. स्वयंपाकघरात तर व्हिक्टोरिनॉक्सची छोटी भाजीची सुरी पुरे. तिच्यावर हजारो खर्च करायची गरज नाही.

कार्बनचं पोलाद की स्टेनलेस? आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते, कणकुंबीकडे तर पावसाला खंडच नसतो. कार्बनचं पातं सुंदर धार घेतं, पण कैरी, आमसूल, काजूचं बोंड कापलं की काळं पडतं. काळेपणाने बिघडत नाही, तांबडा गंज मात्र खातो. काम झालं की पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. फणस कापण्याआधीही तेल लावा, चीक चिकटत नाही. एवढं रोज होणार नसेल तर सरळ स्टेनलेस घ्या. कार्बनची सुरी पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवायचीच नाही, चामडं ओल धरतं. प्लास्टिकचं, तळाला भोक असलेलं म्यान बरं.

सुरीच्या पैशातून दोन बाजूंच्या, म्हणजे एक बाजू खरखरीत, एक बारीक अशा धारदगडाचे पैसे आधीच बाजूला काढा.

आणि लांबी. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात. घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत, पण ट्रेकला ४-५ इंचांहून मोठं पातं लागतंच कशाला? भीमगड अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, तेव्हा त्या बाजूला जाणार असाल तर आधी वनखात्याला विचारा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानाने जाणार असाल, तर सुरी चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको.