धुरक्याच्या दिवसांत पाने धुण्यास विलंब नको

मुंबईतील आरेच्या खोलगट भागात आणि रेल्वे रुळांलगत भाजीपाला घेणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पानांवर बसणारा राखाडी थर साध्या पाण्याने धुऊन काढण्याचे काम इतर कामांच्या आधी करावे. खत, पाणी, औषध सारे वेळेवर देऊनही केवळ एवढ्या हलगर्जीपणाने वांगी आणि भेंडीची हिरवी शेते जानेवारीअखेर पिवळी पडलेली आम्ही पाहिली आहेत.

सूर्य मावळल्यावर जमीन निवते, तिला लागलेली हवा थंड व जड होऊन टेकडीच्या उतारावरून ओघळत सखल भागात साचते आणि वरची हवा उबदार राहिल्याने त्यावर जणू झाकण बसते. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. वाहनांचा धूर आणि बांधकामाची धूळ या झाकणाखाली कोंडते. 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण तर हवेतच तयारही होतात, कारण गंधक व नायट्रोजनच्या ऑक्साइडांना गोठ्यातून आणि उघड्यावर फेकलेल्या युरियातून सुटणारा अमोनिया येऊन मिळतो. सकाळी समुद्रावरचा वारा सुटण्यास उशीर झाला की हे सारे तेथेच रेंगाळते, दवाने ओल्या पानांना चिकटते, पर्णरंध्रे (पानांची सूक्ष्म छिद्रे) बुजवते आणि अशा धुळकट पानांवर लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड फोफावते.

पाने सकाळी, ऊन पडल्यावर, खालच्या बाजूनेही धुवावीत. संध्याकाळी धुतल्यास रात्रभरच्या ओलाव्याने बुरशी येते. पानावरून पांढरे फडके फिरवून काळा डाग उमटला की धुण्याची वेळ झाली, हा आमचा अनुभवाचा अंदाज आहे. दुकानदार ‘पाने चकचकीत ठेवणारे’ महाग टॉनिक पुढे करतील, परंतु थर तसाच असताना त्यावर पैसे घालवू नयेत.

कोळी दिसल्यास 5 टक्के निंबोळी अर्क, अथवा लेबल पाहून पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम, तेही धुतलेल्या पानांवरच फवारावे. कडक उन्हात किंवा काकडीवर्गीय पिकांवर गंधक टाळावे.

इतर कामे: विरळणी, खुरपणी, वेलींना आधार, युरिया मातीत मिसळून लगेच पाणी, पालापाचोळा न जाळता खड्ड्यात.

धुण्यासाठी नाल्याचे पाणी वापरू नये. सकाळी नऊ वाजताही समोरच्या इमारती धूसर दिसत असतील, तर त्याच दिवशी पाने धुण्यासाठी फवारणीचा पंप पाठीवर घ्यावा.