कॉलेजात संवाद अडतो तो इथे: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळा

बेळगावच्या कॉलेजातल्या एका बाकावर खानापूरचा मराठी मुलगा, बैलहोंगलची कन्नड मुलगी आणि कॅम्पात उर्दू बोलत वाढलेली तिची मैत्रीण सहज शेजारी बसतात. मागच्या बाकावर चंदगडहून रोज सीमा ओलांडून येणारा कुणीतरी असतो. तीन वर्षं नोट्स, हजेरी आणि सबमिशन यापलीकडे त्यांचं बोलणं जात नाही. बोलायची इच्छा नसते असं नाही. इथे शिकवताना मला ती इच्छा रोज दिसते. गाडी अडते ती आपल्या अंगवळणी पडलेल्या काही सवयींपाशी.

ओळख करून घेताना उलटतपासणी घेऊ नका

"गाव कुठलं?" "गल्ली कुठली?" "आडनाव काय?" आपल्याकडे गल्ली कळली की बहुतेक वेळा जात कळते, म्हणून हा दुसरा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. काही मुलं तिथे क्षणभर थांबतात, मग तालुक्याचं नाव सांगून विषय बदलतात. ते थांबणं दिसलं की पुढे विचारू नका. होस्टेलचं जेवण, बसची वेळ, कुठला पेपर अवघड गेला, यावर बोला. बाकीचं सांगावंसं वाटलं तर तो आपणहून सांगेल.

आपण फक्त सोसणारे, असं धरून चालू नका

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि आपण मराठी मुलं-माणसं ती जास्त करतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. तेव्हापासून पाट्या, कचेरीतले कागद, शाळा यांबाबत इथल्या मराठी माणसानं जे सोसलं, ते खरं आहे. ते बोललंच पाहिजे. पण भाषेसाठी दुखावलेला माणूस जातीच्या बाबतीत दुसऱ्याला दुखावू शकतो, आणि त्याला ते कळतही नाही.

मेसमधलं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. सहा जण जेवतायत, सगळे मराठी. एक जण दुसऱ्याच्या ताटाकडे बघून म्हणतो, "तुमच्यात हे चालतं, नाही का?" चौघं हसतात. ज्याला विचारलं तोही हसतो, भराभर जेवण उरकतो आणि दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या वेळी जेवायला येतो. विचारणाऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. त्या टेबलावर भाषा एकच होती, तरी संवाद तिथेच मेला.

याच सीमाभागात, निपाणीला, १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद, म्हणजे अस्पृश्य ठरवलेल्यांची परिषद, भरली होती. म्हणजे १९५६ च्या एकतीस वर्षं आधी. भाषेचं दुःख मांडताना हा दुसरा इतिहासही आपलाच आहे, याचं भान ठेवा.

उपाय सोपा नाही, पण करता येतो. "तुमच्यात कसं असतं?" हा प्रश्न बंद करा. कुणीही आपल्या अख्ख्या समाजाचा वकील म्हणून कॉलेजात आलेला नसतो. "तुला काय वाटतं?" एवढं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

कॅटेगरीवरून वाद घालण्याआधी माहिती घ्या

ॲडमिशनच्या दिवसांत हा वाद हमखास पेटतो, आणि निम्मा ऐकीव गोष्टींवर चालतो. कर्नाटकात मराठा समाज आरक्षणाच्या ३ब प्रवर्गात येतो, आणि वीरशैव-लिंगायत समाजही त्याच ३ब मध्ये. भाषेच्या वादात समोरासमोर उभी राहणारी दोन घरं आरक्षणाच्या यादीत एकाच रांगेत आहेत! महाराष्ट्राचे प्रवर्ग वेगळे, त्यामुळे कोल्हापूरच्या चुलतभावाकडून ऐकलेलं इथे लागू पडेलच असं नाही. आणि काही झालं तरी कुणाचे मार्क, कुणाची कॅटेगरी चारचौघांत काढू नका.

गटात नकळत मराठीवर घसरू नका

प्रॅक्टिकलच्या गटात चार मराठी आणि एक कन्नड मुलगी असली की दहा मिनिटांत सगळं मराठीत सुरू होतं. ती वही उघडून बसते, आणि आपण म्हणतो ती बोलतच नाही. उलट बाजूनं हाच अनुभव तुम्हालाही आला असेल. कामाला बसण्यापूर्वीच भाषा ठरवा: थोडं कन्नड, थोडं हिंदी, चालेल तसं इंग्लिश. व्याकरण चुकलं तर हसायचं नाही, हेही तेव्हाच ठरवा.

आणि दुभाष्या रोज एकच नको. चिकोडी-निपाणीकडच्या कितीतरी मुलांना दोन्ही भाषा येतात, म्हणून सगळे त्यांनाच पुढे करतात. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्यात त्यांचं स्वतःचं मत राहूनच जातं.

पहिलाच विषय सीमाप्रश्न घेऊ नका

या सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो कँटीनमध्ये सुटणार नाही. १ नोव्हेंबरला तर बैठक ठेवूच नका. त्या दिवशी एकाच्या घरी कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसऱ्याच्या घरी काळा दिवस. बस पास, होस्टेलचं पाणी, परीक्षेचं वेळापत्रक यांवर आधी एकत्र अर्ज द्या. पुढे सीमाप्रश्नावर बोलायची वेळ येईलच. तेव्हा एक नियम पाळा: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, तो "हो, हेच म्हणायचंय" म्हणाला की मगच उत्तर द्यायचं.

प्रत्येक गोष्ट संवादानं मिटवायला जाऊ नका

जातीवरून शिवी दिली, खोलीत राहू दिलं नाही, पाण्याच्या भांड्यावरून अपमान केला, तर "बसून बोलू या" म्हणणं हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असण्याची तरतूद आहे. तो अधिकारी कोण, हे ऑफिसात विचारून ठेवा. तक्रार लेखी द्या: तारीख, जागा, नेमके शब्द, हजर असलेल्यांची नावं. पोच घ्या. तुम्ही त्या वेळी तिथे असाल, तर साक्षीदार म्हणून तुमचं नाव घालायला स्वतःहून सांगा.