खसखस, मोहरी आणि अर्धा किलोमीटर रस्ता: मुलांना सूर्यमाला अशी शिकवा

भिंतीवरच्या तक्त्यात आठही ग्रह लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखे खेटून असतात. मुलं तेच खरं धरतात. तक्ता तरी काय करणार? खरं प्रमाण दाखवायचं तर कागद अर्धा किलोमीटर लांब लागेल. तेवढा रस्ता मात्र सगळीकडे असतो.

आधी घरात वार म्हणून घ्या. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी: नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारे पाचही ग्रह त्यात आले. युरेनस (१७८१) आणि नेपच्यून (१८४६) दुर्बिणीमुळे सापडले, तोवर वार वाटून झाले होते!

मग स्वयंपाकघराकडे वळा. माप सोपं ठेवा: १ मिलिमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर. सूर्यासाठी १४ सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापा. बुध आणि मंगळाला खसखस (बुधाला तीही जरा मोठीच), शुक्र आणि पृथ्वीला बारीक मोहरी, गुरूला गोटी, शनीला भिजवलेला काबुली चणा, युरेनस-नेपच्यूनला मिरी. प्रत्येक दाणा वेगळ्या कार्डावर डिंकाने चिकटवा. खसखस नुसती हातात नेलीत तर पहिल्याच झुळकीला बुध गायब होतो.

बाहेर पडण्याआधी टेपने १० मीटर मोजून मुलाची पावलं किती होतात ते बघा. आता सूर्य फाटकाला लावा आणि चालायला लागा. सूर्यापासून बुध ६ मीटरवर, शुक्र ११, पृथ्वी १५, मंगळ २३. इथवर मजेत होतं. पुढे गुरू थेट ७८ मीटरवर! या टप्प्यात मुलं हमखास विचारतात, ‘अजून नाही आला?’ उत्तर देऊ नका, चालू द्या. ती रिकामी जागाच तर दाखवायची आहे. शनी १४३ वर, युरेनस २८७, नेपच्यून ४५०. वाहनांचा रस्ता टाळा, मैदानाला फेऱ्या मारल्या तरी चालेल.

‘आजी तर नवग्रह म्हणते’ हा प्रश्न येणारच. आजीला खोटं पाडू नका. ताऱ्यांमधून सरकताना दिसतो तो ग्रह, असा जुना हिशेब होता. म्हणून त्यात सूर्य-चंद्र आहेत. राहू-केतू म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो ते दोन बिंदू. ग्रहणं त्यांच्या आसपासच होतात. प्लूटोला २००६ पासून बटुग्रह म्हणतात, एवढं पुरे.

परत येताना पृथ्वीपाशी थांबा. मोहरीपासून ४ सेंटिमीटरवर टाचणीने टोचा: तो चंद्र. माणूस आजवर गेला तो एवढाच लांब.

शेवटी एखादी मुंगी शोधा. या मापात प्रकाश सेकंदाला ३ सेंटिमीटर सरकतो, साधारण मुंगीच्याच चालीने. फाटकापासून मोहरीपर्यंत यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. घड्याळ लावून मुलांना तेवढा वेळ थांबू द्या.