लिस्बनचा बेलें टॉवर बघायला जाताय? या चुका टाळा

लिस्बनला जाणारे आपले लोक हल्ली बरेच वाढलेत आणि जो जातो तो बेलें भागातल्या नदीकाठच्या त्या जुन्या बुरुजाला, म्हणजे बेलें टॉवरला जातोच. पण परत आल्यावर निम्म्या लोकांचं एकच म्हणणं असतं, अगं एवढासाच आहे तो, दीड तास रांगेत उभे राहिलो आणि वर जाऊन बघितलं काय तर नदी. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण टॉवर फार सुंदर आहे, आपली बघायची पद्धत चुकते. मी दोनदा गेलेय, पहिल्या वेळी ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्या वेळी टाळल्या आणि तोच टॉवर वेगळाच दिसला, म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिली चूक वाराची. सोमवारी टॉवर बंद असतो. आपल्या टूर शनिवार-रविवार जोडून आखलेल्या असतात त्यामुळे लिस्बनचा दिवस नेमका सोमवारी येतो, आणि जवळचा जेरोनिमोस मठ पण सोमवारीच बंद, म्हणजे बेलेंचा अख्खा दिवस हातचा गेला. याशिवाय १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, १३ जून आणि २५ डिसेंबर हे दिवस पण बंद. १३ जून आपल्या लक्षात राहत नाही, तो सेंट अँथनीचा दिवस, लिस्बनचा मोठा सण. आणि जुन्या इमारतीची कामं निघत राहतात, २०२५ च्या एप्रिलमध्ये टॉवर दुरुस्तीसाठी आतून बंद केला होता तेव्हा कितीतरी लोक नुसतं दारापर्यंत जाऊन परत आले. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी अधिकृत साइट एकदा उघडून बघाच, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका. रविवारी फुकट असतं हेही अशाच व्हिडिओत ऐकायला मिळतं, पण ती सवलत पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

तिकीट ऑनलाइन वेळ ठरवून काढा. दारात जाऊन काढू म्हणाल तर उन्हात उभं राहावं लागेल आणि तिथे सावली जवळपास नाहीच.

पोचायचं कसं यात पण लोक फसतात. १५ई नंबरची ट्राम फिगेरा चौकातून निघते, ती बेलेंला जाते, सोपी आहे, पण खच्चून भरलेली असते आणि पाकीटमारी होते, सॅक पुढे घ्या आणि मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका. दुसरा पर्याय कैश दु सोद्रे स्टेशनवरून कश्काइशकडे जाणारी लोकल, फक्त ती गाडी बेलेंला थांबते का हे बोर्डवर बघून घ्या. स्टेशनवरून टॉवर वीसेक मिनिटं चालत आहे, रस्ता नदीकाठाने, छान वाटतं. खरी पंचाईत होते ती मठाकडून येणाऱ्यांची. मॅपवर टॉवर अगदी जवळ दिसतो, सरळ नदीकडे चालत सुटावं तर मधे धो धो वाहणारा रस्ता आणि त्याला लागून रेल्वेचे रूळ, कुठेच ओलांडता येत नाही. आम्ही पहिल्यांदा अर्धा तास त्या कुंपणाच्या कडेकडेने चालत होतो, आई पार दमली. मठासमोरच्या बागेतून दर्यावर्दींच्या त्या मोठ्या स्मारकाकडे जायला भुयारी मार्ग आहे, आणि टॉवरच्या जवळ पादचारी पूल आहे, या दोनपैकी एक पकडायचा. मॅप लावताना शेवटचं ठिकाण टॉवर टाकून वॉकिंग मोड ठेवा, गाडीचा नको.

हो, आणि ते स्मारक म्हणजे टॉवर नाही. जहाजाच्या आकाराचं, पुढे माणसांची रांग असलेलं पांढरं उंच बांधकाम आहे ना, ते १९६० चं आहे. बरेच जण तिथेच फोटो काढून टॉवर झाला म्हणून परत फिरतात.

आता जिना. सगळ्यात मोठी चूक इथे होते, कारण आपण आलोय तर वरपर्यंत जायचंच असं ठरवून येतो. टॉवर साधारण ३० मीटर उंच, आत एकच गोल दगडी जिना, ९३ पायऱ्या, आणि इतका अरुंद की समोरून माणूस आला तर दोघांपैकी एकाला भिंतीला चिकटावं लागतं. म्हणून एका वेळी एकाच बाजूने सोडतात, मी गेले तेव्हा प्रत्येक मजल्यावर लाल-हिरवा दिवा होता, हिरवा होईपर्यंत थांबायचं. मधेच दम लागला म्हणून बसायला जागा नाही कारण मागून लोक येत असतात. गुडघेदुखी, चक्कर, बंद जागेची भीती यातलं काही असेल तर त्या माणसाला आग्रह करून वर नेऊ नका. लहान बाळ असेल तर सॅक आणि बाळ दोन्ही घेऊन चढणं कठीण. माझ्या आईने तळाचा तोफखाना आणि त्याच्यावरची गच्ची एवढंच बघितलं, तिथे जायला पण पायऱ्या आहेत पण थोड्याच, आणि ती म्हणाली मला इथेच बरं वाटतंय. मी वर जाऊन आले आणि खरं सांगू, बघण्यासारखं जास्त तिच्याकडेच होतं.

कारण हा मुळात तोफांचा बुरूज आहे. तळाच्या दालनात पाण्याच्या जवळ १७ तोफांसाठी भोकं ठेवलेली आहेत, वाकून एका भोकातून बाहेर बघा, समोर थेट तेजू नदीचं पाणी, वर नाही खाली नाही, जहाजाच्या पोटाच्याच पातळीला. नदीच्या पलीकडच्या काठावर आणखी एक किल्ला होता, दोन्हीकडून मारा करून मधल्या जहाजाला अडवायचं ही योजना. एवढं कळलं की टॉवर एवढासा का हा प्रश्न उरत नाही, त्याला गाव सांभाळायचं नव्हतं, नदीचं तोंड राखायचं होतं. मांडवीच्या तोंडावर अग्वाद बांधताना पोर्तुगिजांनी हाच विचार केला. जंजिरा, सिंधुदुर्ग मनात ठेवून गेलात तर निराशाच होईल. आणि तो भर नदीत होता, भूकंपाने नदी सरकली वगैरे गाइड सांगतात ते फार मनावर घेऊ नका, तो पहिल्यापासून काठाजवळच्या खडकावरच बांधलाय, पुढे काठ पुढे सरकत आला.

त्या गच्चीवर नदीकडे तोंड केलेली मेरीची मूर्ती आहे, कडेवर बाळ आणि हातात द्राक्षांचा घोस, सुखरूप परत आणणारी माता. वर चढायच्या घाईत तिच्याकडे कोणी बघतच नाही.

वास्को द गामा इथून निघाला असं आपल्याकडे सगळे सांगतात, कॅप्शनमध्ये पण टाकतात. तो पहिल्यांदा निघाला १४९७ ला, याच किनाऱ्यावरून, पण तेव्हा टॉवर नव्हता. राजा मानुएल पहिला याने बांधकाम सुरू केलं १५१४ ला, फ्रांसिस्को द अरुदा हा बांधणारा, आणि पाचेक वर्षांत झालं. म्हणजे पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतल्यावर चार वर्षांनी काम सुरू झालं. वास्कोची समाधी बघायची तर ती जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये आहे.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, आणि जवळजवळ प्रत्येक जण चुकवतो ती. टॉवरच्या वायव्य कोपऱ्याला जी लहान गोल चौकी बाहेर काढलेली आहे तिच्या खाली दगडात एक गेंडा कोरलाय. हा आपल्याकडचा गेंडा. गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह दुसरा याने तो आल्बुकर्कला भेट दिला, आल्बुकर्कने गोव्याहून १५१५ च्या जानेवारीत जहाजावर चढवला आणि २० मे ला तो लिस्बनला उतरला, तेव्हा टॉवरचं बांधकाम चालूच होतं. युरोपात कित्येक शतकांनी जिवंत गेंडा आला होता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायला घेतली तर हत्तीच पळून गेला. मग पोपला भेट म्हणून पुढे पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, त्यात तो गेला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने काढलेलं गेंड्याचं जे प्रसिद्ध चित्र आहे ते याचंच, त्याने तो कधी बघितला नव्हता, कोणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून आणि स्केचवरून काढलं.

हा गेंडा आत जाऊन दिसत नाही. बाहेर यायचं, काठावरून पश्चिमेच्या बाजूला जायचं आणि चौकीच्या बुडाशी नजर लावायची, मोबाइलचा झूम लागेल. दगड पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने झिजलाय, पहिल्या नजरेला नुसता गोळा वाटतो, सोडून देऊ नका, दोन मिनिटं बघत राहा, मग डोकं आणि पुढचे पाय हळूहळू सुटे दिसायला लागतात. दुपारनंतर ऊन त्या बाजूला येतं तेव्हा जास्त चांगला कळतो. फक्त तिथला वारा जोरात असतो, टोपी आणि ओढणी सांभाळा, आणि पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलांना खाली सोडू नका.

खाण्याचं एकच सांगते. तिथली ती प्रसिद्ध कस्टर्डची टार्ट, १८३७ पासूनचं दुकान मठाच्या शेजारीच आहे, तिच्यात अंड्याचा पिवळा बलक असतो, शाकाहारी असाल तर आधीच माहीत असू दे. बाहेरची रांग पार्सलची असते, आत बसायला भरपूर खोल्या आहेत आणि जागा लवकर मिळते.

आणि समजा सगळं करून पण टॉवर बंदच निघाला, स्लॉट हुकला, किंवा आईचे गुडघे नाहीच म्हणाले, तर तिकिटाचे पैसे गेले एवढंच. त्या गेंड्याला तिकीट लागत नाही, पश्चिमेकडून जा आणि बघून या.