पहिला एमएमओ घेताय? ट्रेलर नंतर, आधी पिंग बघा

"कुठला एमएमओ (हजारो जण एकाच जगात ऑनलाइन खेळतात तो गेम) सुरू करू" असं विचारलं की जो तो स्वतः खेळतो त्याचंच नाव सांगतो. माझंही तसंच झालेलं, मित्र म्हणाला म्हणून एका गेमची महिन्याची वर्गणी भरली, नेमकं तेव्हाच ऑफिसात रिलीज निघालं, जेमतेम चार संध्याकाळी खेळलो, बाकी पैसे पाण्यात. तेव्हापासून कोणी विचारलं की मी उलट विचारतो, आठवड्यातून खरंच किती तास मिळतात तुला?

दोनचार तास, तेही कधी मिळणार कधी नाही, असं असेल तर गिल्ड वॉर्स २ घ्या. महिन्याची वर्गणी नाही, मूळ गेम २०१५ पासून फुकट, आणि २०१२ ला आला तेव्हा सगळ्यात वरची लेव्हल ८० होती, आजही ८० च. म्हणजे गणपती, दिवाळी, परीक्षा सगळं उरकून तीन महिन्यांनी आलात तरी फार मागे पडत नाही.

गोष्ट आवडत असेल तर फायनल फँटसी १४. याची फ्री ट्रायल लेव्हल ७० पर्यंत चालते, दोन एक्सपान्शन (मूळ गेमनंतर आलेले मोठे भाग) धरून, आणि दिवसांची मर्यादा नाही, आरामात शेकडो तास जातात. सुरुवातीचा भाग जरा रटाळ आहे, तेवढा सोसा. एकाच कॅरेक्टरवर टँक (मार झेलणारा), हीलर (बाकीच्यांना बरं करणारा) सगळं करता येतं त्यामुळे क्लास, म्हणजे भूमिका, चुकला म्हणून रडायची वेळ येत नाही. फक्त ट्रायलवाल्यांना गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) जाता येत नाही, आणि एकदा विकत घेतला की त्या अकाउंटवर परत ट्रायल नाही, म्हणून सेल दिसला की लगेच उडी मारू नका.

आता पिंग, म्हणजे तुमचा क्लिक गेमच्या सर्व्हरपर्यंत (कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत) जाऊन परत यायला लागणारा वेळ. बहुतेक मोठ्या एमएमओंचा भारतात सर्व्हर नाही, तुमचा क्लिक युरोप नाहीतर जपानपर्यंत जाऊन परत येणार. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदाच हिशोब करतो, तिथे दीड-दोनशे मिलीसेकंद पिंग असला तरी बऱ्यापैकी निभतं (मोबाईलवर चालतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो, दिसायला मात्र अगदी जुनाट). फायनल फँटसीतही बहुतेक मुख्य वार अडीच सेकंदांच्या अंतराने, त्यामुळे चालून जातं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनचं तसं नाही, सर्व्हर युरोप-अमेरिकेत आणि समोरच्याचा वार स्वतः बटण दाबून चुकवायचा, म्हणजे आपण वेळेत दाबलं तरी मार खाल्लेला असतो कधी कधी.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट लेव्हल २० पर्यंत फुकट आहे, तेवढा खेळून बघा आणि मगच वर्गणीचं ठरवा. सर्व्हर मात्र आधी नीट निवडा, कॅरेक्टर नंतर दुसरीकडे हलवायला पैसे लागतात.

अल्बियन फुकट आहे, फोनवर आहे म्हणून बरेच जण आधी तोच उतरवतात. त्यात लाल आणि काळ्या झोनमध्ये दुसऱ्या खेळाडूने मारलं की अंगावरचं, बॅगेतलं सगळं जातं. गेलं तरी चालेल एवढंच घालून जा, आणि "चल तुला चांगली जागा दाखवतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसामागे तर अजिबात जाऊ नका.