लक्झरी गाडीची डिकी बंद होत नाही? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

सेकंड-हँड लक्झरी गाडीची ऑटोमॅटिक डिकी बटण दाबूनही मिटेना, की पहिला संशय मोटरवर जातो आणि पहिला मोठा खर्चही तिथेच होतो. खरं तर मोटरची पाळी बरीच उशिरा येते. उतरलेली बॅटरी, बिजागरीपाशी तुटलेली वायर, लॉकमधला खराब मायक्रोस्विच (डिकी लागली की नाही हे कळवणारा छोटा स्विच) किंवा मागून बसलेल्या एखाद्या धक्क्याने सरकलेला हुक, ही कारणं कितीतरी जास्त वेळा सापडतात. यातल्या बहुतेक दुरुस्त्यांना मोठा पार्ट लागतच नाही.

डिकी नेमकी कुठे अडते, हे न पाहताच खोलायला बसणं

सगळ्या चुकांचं मूळ हे आहे. डिकी बंद होताना कामं एकामागून एक होतात. शॉकरमधली, म्हणजे झाकण तोलून धरणाऱ्या दांड्यातली, मोटर झाकण खाली आणते. हुक लॉकच्या जबड्यात शिरतो आणि पहिला ‘खट्’ होतो. मग लॉकमधली छोटी सॉफ्ट-क्लोज मोटर शेवटचे काही मिलिमीटर झाकण आत ओढून घेते. शेवटी मायक्रोस्विच ‘बंद झाली’ असा निरोप कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे डिकी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला, देतो. यातली कोणती पायरी चुकते, ते दोन-तीन वेळा नीट कान देऊन पाहा.

बटणाला काहीच प्रतिसाद नाही, बीपसुद्धा नाही, तर वीजपुरवठा, फ्यूज, सेटिंग किंवा वायर तपासा. अर्ध्यावर येऊन परत वर जात असेल, तर गाडीला अडथळा असल्याचा भास होतोय: थकलेला शॉकर, कडेची दबलेली सेन्सर पट्टी किंवा बिघडलेलं कॅलिब्रेशन (झाकण कुठे आहे याची गाडीची नोंद). ‘खट्’ होतो पण आत ओढत नाही, तर लॉक बघा. ओढून लगेच उघडते किंवा पूर्ण मिटूनही डॅशबोर्डवर उघडी दिसते, तेव्हा बहुतेक मायक्रोस्विच किंवा त्याची वायर दोषी असते.

बॅटरी न मोजणं

गाडी सुरू होते म्हणजे बॅटरी चांगली, हा समज सोडा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली चार्ज असलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 दिसले तर ती अर्ध्यावर आली आहे. व्होल्टेज पडलं की अनेक गाड्या डिकीसारख्या सोयीच्या गोष्टी आधी बंद करतात. दुसऱ्या कोणाला बटण दाबायला सांगून त्याच वेळी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) बघा. आकडा 11 च्या खाली घसरत असेल, तर बाकीचं काहीही खोलण्याआधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल.

इथे एक धोका आहे. बऱ्याच लक्झरी गाड्यांत बॅटरी डिकीतच असते. तिचं टर्मिनल काढलेलं असताना झाकण चुकूनही लावू नका. लॉक विजेवर उघडतं, त्यामुळे बॅटरी आत आणि तुम्ही बाहेर अशी गत होते. चावीचं भोक किंवा आतून उघडायची आपत्कालीन केबल कुठे आहे, हे काम सुरू करण्याआधी शोधून ठेवा.

सेटिंगही याच वेळी बघून घ्या. काही मॉडेलमध्ये ग्लोव्हबॉक्समधलं बटण दाबलं गेलं की डिकी बाहेरून उघडतच नाही. ट्रेलरचा प्लग लागलेला असेल तर काही गाड्या ऑटोमॅटिक डिकी थांबवून ठेवतात.

आपटून बंद करणं

डिकी लागत नाही म्हणून जोरात आपटली, की सॉफ्ट-क्लोजच्या नाजूक गिअरवर सगळा मार बसतो. मुळात ती का लागत नाही ते पाहा. झाकणाच्या कोपऱ्यांतले रबरी बफर बहुतेक गाड्यांत फिरवून वर-खाली होतात. ते जास्त बाहेर आले असतील, तर हुक लॉकपर्यंत पोहोचतच नाही, किंवा पोहोचला तरी छोटी मोटर झाकण ओढताना दमते. नवीन लावलेलं जाड रबर बीडिंगही (डिकीच्या कडेची रबरी पट्टी) हेच करतं.

हुक हलवायचा असेल तर आधी त्याच्या तळाभोवती पेन्सिलने रेघ मारा, बोल्ट सैल करा आणि एका वेळी एकच मिलिमीटर सरकवा. मग कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून झाकण लावा आणि ओढून पाहा. चारही बाजूंना सारखाच ताण लागला पाहिजे. एका कोपऱ्यात पट्टी सहज निसटली, तर तिथून पाणीही शिरणार.

लॉक तपासताना झाकण उघडंच ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरचा दांडा हुकाच्या जागी जबड्यात दाबा. पहिला ‘खट्’ झाला की मोटरने जबडा आपोआप पुढे ओढायला हवा. बोट घालून हे कधीही करू नका. झाकणाच्या मोटरला अडथळा कळतो, पण लॉकच्या जबड्यात बोट सापडलं तर तो थांबेलच याची खात्री नसते. तपासून झाल्यावर उघडायचं बटण दाबून जबडा मोकळा करा. तो बंद राहिला आणि झाकण खाली आलं, तर हुक त्यावर आदळून वाकतो.

रबरी नळीतल्या वायर न बघणं

झाकण आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागरीजवळ वळ्यावळ्यांची (कोरुगेटेड) रबरी नळी असते. डिकी उघडताना-मिटताना प्रत्येक वेळी तिच्यातल्या वायर वाकतात आणि काही वर्षांत आतलं तांबं तुटतं. बीएमडब्ल्यू 5 सिरीज टूरिंगच्या ई61 पिढीत हा दोष इतका नेहमीचा आहे की डिकी बिघडली की जाणकार आधी तिथेच हात घालतात.

नळी दोन्ही टोकांनी सोडवून मागे सरकवा. प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणा. धड वायर ताणत नाही. आतून तुटलेली वायर मात्र रबरासारखी लांबते, कारण उरलेलं असतं ते फक्त वरचं आवरण. बाहेरून अजिबात चीर नसतानाही हे घडतं, म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून ‘वायरिंग ठीक आहे’ म्हणू नका. नंबरप्लेटचा दिवा बंद, मागचा वायपर अडकलेला, डिकी कधी चालते कधी नाही, अशा तक्रारी एकत्र आल्या तर उत्तर बहुतेक याच नळीत आहे.

जोड देताना तुटलेल्या जागीच सोल्डर करून टेप गुंडाळणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. सोल्डर तारांमध्ये झिरपून तेवढा भाग कडक करतं आणि वायर त्याच्या कडेला पुन्हा तुटते. त्याऐवजी वाकणाऱ्या भागातला पूर्ण तुकडा काढून तितक्याच जाडीची, सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घाला. जोड नळीच्या बाहेर, न हलणाऱ्या भागात, थोड्या-थोड्या अंतरावर घ्या. त्यासाठी क्रिम्प (दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि आत गोंद असलेली हीट-श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) वापरा. एक वायर तुटली असेल तर शेजारच्या वायरही तेवढ्याच वाकलेल्या असतात, तेव्हा सगळ्याच बदलून टाका. बॅटरीचं टर्मिनल मात्र आधी काढा.

लॉकमध्ये दिसेल तो स्प्रे मारणं

गंज सोडवणारा पातळ स्प्रे मारला की लॉक दोन दिवस छान चालतं. मग मूळ ग्रीस धुऊन गेलेलं असतं आणि त्या जागी धूळ चिकटते. जबडा कापडाने आणि ब्रशने कोरडा साफ करा, फिरणाऱ्या भागाला थोडंसं पांढरं लिथियम ग्रीस लावा. मायक्रोस्विचच्या बाजूला ग्रीस जाऊ देऊ नका. रबर बीडिंगला सिलिकॉनचंच वंगण लावा.

शॉकरबाबतची घाई

मोटर असलेल्या शॉकरच्या आत जबरदस्त दाबाची स्प्रिंग असते. तो खोलून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. शॉकर काढण्याआधी झाकणाला भक्कम लाकडी टेकू द्या. एक शॉकर काढताच झाकणाचा सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि ते खाली कोसळू शकतं. काही गाड्यांत मोटर एकाच बाजूला असते आणि दुसरा शॉकर साधा असतो. तो साधा शॉकर थकला की दोष मोटरचा वाटतो.

मर्सिडीज एस-क्लासच्या डब्ल्यू220 पिढीतल्या काही गाड्यांत डिकीला हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर आहेत. तिथे झाकण हळू चालत असेल तर सिलिंडरच्या सीलपाशी तेलाचा ओलसर डाग शोधा. तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच भरा. ब्रेक ऑइल घातलं तर उरलेली सीलही फुगून जातात.

दुरुस्तीनंतर कॅलिब्रेशन विसरणं

बॅटरी, शॉकर किंवा मॉड्यूल काढलं-लावलं, की झाकण कुठे आहे हे गाडी विसरलेली असू शकते. अनेक मॉडेलमध्ये डिकी हाताने पूर्ण लावून मग बटणाने एकदा पूर्ण उघडली आणि मिटली की ती पुन्हा शिकते. काहींना मात्र गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो. उघडायची उंची वेगळी ठरवावी लागते: हव्या जागी झाकण थांबवून बटण काही सेकंद दाबून धरायचं.

हे करूनही बिघाड दर काही दिवसांनी परतत असेल, तर डिकीच्या तळाचं आवरण आणि बाजूचे कप्पे उचलून हात फिरवा. कंट्रोल मॉड्यूल बऱ्याचदा तिथेच बसवलेलं असतं आणि मागच्या दिव्यांच्या गळक्या गॅस्केटमधून (सीलमधून) आलेलं पाणी त्याच्या कनेक्टरपर्यंत पोहोचतं. पिनांवर हिरवट थर दिसला तर आधी गळती बंद करा, मग पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण वाळवा. गळती तशीच ठेवून नवीन मॉड्यूल बसवलं, तर तेही भिजतं.